नमुन्याचा मेंदू

“म्हणजे बाई, चूक माझीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

माईणकर बाई चिंचा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठे काय म्हणाले? आल्यापासून तूच बोलतोयस.”

खरंच होतं ते. पराशर घैसास पुण्याहून गाडी हाकत भिलवडीला आला आणि बाईंच्या पडवीत टेकल्यापासून त्याच्या तोंडाला खळ नव्हता. चहा समोर निवून गेला, त्यावर साय धरली, तरी गडी बोलतोच आहे.

बाईंची विद्या मोठी नाजूक. मेंदूच्या एमआरआयवरून आतले तंतू कुठून कुठे जातात ते हुडकायचं. हयातभर त्यांनी ती शिकवली आणि शिकवताना एकच हट्ट धरला. ज्याचा मेंदू, त्याच्याच चित्रावर काम करायचं. त्याच्या वळ्या, त्याच्या खाचा, त्याच्याच वाकड्यातिकड्या वाटा बघायच्या. एकेका पेशंटमागे अख्खी दुपार जायची आणि पोरं कंटाळायची.

पराशर कंटाळला नाही, त्याला हसू यायचं. हुशार होता हो, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या हुशारीला घाई फार! पुष्कळ निरोगी माणसांच्या मेंदूंची सरासरी काढून केलेला एक नमुन्याचा मेंदू असतो. पराशरने प्रोग्राम लिहिला. येईल तो मेंदू ताणून, दाबून त्या नमुन्यावर बसवायचा. नमुन्यात बोलण्याची वाट जिथे, तिथेच ह्याचीही आहे असं धरायचं, खूण करायची आणि ती खूण पेशंटच्या चित्रावर उतरवून सर्जनच्या हातात द्यायची. चहा येईपर्यंत काम फत्ते.

बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “छान आहे. मला नको.” पराशरने मित्रांमध्ये त्यांची नक्कल करून दाखवली होती.

“त्या पेशंटचं सांग,” आता बाई म्हणाल्या.

पराशरने निवलेला चहा बाजूला सरकवला.

मग हळूहळू सांगू लागला. सुनंदा लोखंडे, बालवाडीच्या शिक्षिका. डोक्यात गाठ. पराशरने आपल्या प्रोग्रामने काढलेला नकाशा दिला आणि त्यावर भरवसा ठेवून सर्जनने गाठ काढली. सुनंदाबाई वाचल्या, पण त्यांचं बोलणं गेलं. अगदी मुक्या नाही झाल्या. कळतं सगळं, फक्त शब्द ओठावर येत नाही. चमचा हातात असतो आणि चमचा म्हणता येत नाही.

“त्यांचे यजमान प्रत्येक तपासणीला येतात. माझे हात धरतात. म्हणतात, डॉक्टर, तुमच्यामुळे ही आहे.” पराशरने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई.”

“हं.”

“सर्जन म्हणतात, अशा ऑपरेशनात हा धोका असतोच. मला कुणी काही विचारतसुद्धा नाही. तुम्ही फक्त त्यांचं ऑपरेशनआधीचं मूळ चित्र बघा. ती वाट त्यात दिसत होती का, तेवढं सांगा. दिसत नसेल तर माझा इलाज नव्हता. दिसत असेल तर...”

त्याने लॅपटॉप उघडून बाईंपुढे सरकवला.

बाईंनी चिंचेचे हात पदराला पुसले. लॅपटॉप उचलला आणि त्याच्याकडे तोंड करून ठेवला.

“काढ.”

“मी?”

“नाही, शेजारच्या काकू काढतील! अरे, इतके महिने झाले. तुला एक दुपार सापडली नाही?”

सापडल्या होत्या की! अशा पुष्कळ दुपारी सापडल्या. प्रत्येक वेळी तो फाईल उघडायचा आणि मिटायचा. छातीच होत नव्हती. बाईंनी हे ओळखलं होतं, आणि त्यांनी ओळखलंय हे पराशरलाही कळलं. तो निमूट कामाला लागला.

प्रोग्राम नाही, नमुना नाही, समोर फक्त सुनंदाबाईंचा मेंदू. पराशर आधी गेला तो नेहमीच्या जागी. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा शोधलं, पुन्हा नाही. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

“बघा बाई, इथे नाहीच. गाठीने खाल्ली असणार आधीच.”

“तिथे असायला पाहिजे असं कुणी सांगितलं तुला?”

आता तो दुसऱ्या टोकाकडून निघाला. कानामागच्या भागातून, एकेक तंतू धरून, सावकाश. गाठीने शेजारचं सगळं रेटून दिलं होतं. तंतू वाकले होते, चेपले होते, पण तुटले नव्हते. ते गाठीच्या खालून वळसा घालून पुढे गेले होते, आणि जिथून गेले होते तिथेच पराशरच्या नकाशात मोकळी जागा दाखवलेली होती. सर्जनने तिथूनच हात घातला होता.

पडवीतलं ऊन अंगणात उतरलं. पराशरचा हात माउसवर तसाच राहिला...

“दिसत होती,” तो म्हणाला. “बाई, इतकी स्वच्छ! पहिल्या वर्षाच्या पोराला दिसली असती. मी बघितलंच नाही हो.”

आणि तो रडला. चांगला बाप्या माणूस, तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडला.

बाईंचाही चेहरा उतरला. दिसू नये असं त्यांनाही वाटत होतं की काय, कोण जाणे.

“मी तेव्हा नको म्हणून मोकळी झाले,” त्या म्हणाल्या. “भांडायला हवं होतं तुझ्याशी. त्याचं मला फार वाईट वाटतं.”

थोड्या वेळाने पराशरने डोळे पुसले आणि तो ताडकन उठला. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

“उद्याच प्रोग्राम बंद करतो. जुने सगळे पेशंट परत एकेक करून बघतो. पेपर लिहितो. परिषदेत उभा राहून सांगतो.”

“ते करच. त्याची शाबासकी मात्र मागू नकोस.”

“आणि त्यांच्या यजमानांना खरं काय ते सांगतो.”

“यजमानांना?”

पराशर ओशाळला. पुन्हा खाली बसला.

“नाही... त्यांना. सुनंदाबाईंना.”

“कळतं ना त्यांना?”

“सगळं कळतं.”

“मग झालं तर.”

बाईंनी पाटी पुढे ओढली आणि चिंच हातात घेतली. पराशर त्यांच्याकडे बघत राहिला. पुण्याहून निघताना त्याला भीती होती ती चूक निघण्याची. आता ती निघाली होती, आणि त्याहून मोठी भीती पुढे उभी होती.

“बाई, त्या काय म्हणतील हो मला?”

बाईंनी हातातली चिंच तशीच पाटीत ठेवली.

“सांगून झालं की बसून राहा. त्या बोलायला लागतील. शब्द अडेल, बराच वेळ अडेल. तुला वाटेल, मला कळला... तरी तो तू पुरवू नकोस.”