भागीचं पान

दगडाच्या खोबणीतला हा ठसा लांबूनच बघा, हात नका लावू. लाकूड शिवण झाडाचं आहे. त्यावर पानं दोनच दिसतील. तिसरं होतं, ते खरवडलेलं आहे.

या धनगरवाड्यात पूर्वी घराघरात असा ठसा असायचा. घरात जितकी लेकरं हयात, तितकी त्यावर पानं. लोण्याच्या गोळ्यावर तो उमटवायचा, मगच गोळा खाली बाजाराला जायचा. लेकरू गेलं की बाराव्याला त्याचं पान खरवडायचं. मग पान खरवडलेल्यानं, जिवंत परतूनही, घराचा उंबरा ओलांडला तर उरलेल्या लेकरांवर बेततं, असं मानायचे.

हा ठसा ठकूबाई झोरेचा. तिची थोरली भागी, म्हणे, लोणी घेऊन दाट धुक्यात घाट उतरली ती परतलीच नाही. शोधणाऱ्यांना नुसती लोण्याची पाटी आणि परकराची चिंधी सापडली. वाघानं नेली, सगळे म्हणाले. ठकूबाई मानेना. अकरा दिवस ती ठसा पदरात बांधून बसली. बाराव्याला सासरा म्हणाला, "मेलेलीचं पान ठेवलंस, तर या धाकट्या दोघांना कोण वाचवंल, पोरी?" तिनं विळा घेतला. आपल्या हातानं पान खरवडलं आणि त्याच ठशाचे गोळे बाजाराला धाडले.

भागी तर जिवंत होती. वाघाला भिऊन पळताना ती दरीत घसरली होती, आणि खालच्या गावात एका कुंभारणीनं तिला घरी नेलं होतं. तापात पोरीला नावगाव सांगायचीही शुद्ध नव्हती. त्या बाजाराच्या दिवशी ताप उतरला, आणि कुंभारणीनं आणलेलं लोणी तिनंच उलगडलं. बघते तर ठसा आपल्याच घरचा, पण पानं दोनच. पोर अंथरुणातून उठली, असं सांगतात. गोळा तसाच घेऊन, काठी टेकत घाट चढली. घर दिसतं तिथवर, म्हणजे या दगडापर्यंत आली, आणि भावंडांवर बेतू नये म्हणून इथेच बसली. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते.

सकाळी म्हशी घेऊन आलेल्या ठकूबाईला लेक दगडाला टेकलेली दिसली. अंग गार पडलं होतं. हातात लोण्याचा गोळा होता, आणि त्यावरच्या कोऱ्या जागेत पोरीनं नखानं आपलं पान काढलेलं होतं. ठकूबाईनं ठशावर ते पुन्हा कोरायचा फार प्रयत्न केला. पण तिनंच इतकं खोल खरवडलं होतं, की कोरायला लाकूड उरलं नव्हतं.

तेव्हापासून इथे कुणाचं पान खरवडलं नाही. आजही बाजाराच्या दिवशी पहिला गोळा या ठशाचा निघतो. वाड्यातली एखादी आई त्यावरच्या कोऱ्या जागेत नखानं पान काढते आणि गोळा दगडावर ठेवते. ऊन चढलं की पान विरघळून जातं.