मिटल्या डोळ्यांचा श्लोक

पूर्वी कृतयुगात, विंध्याच्या पायथ्याशी, जिथे सिंह आणि हरिणे एकाच पाणवठ्यावर निर्भयपणे पाणी पीत, तिथे रुचिपर्वा नावाचा महातपस्वी कवी राहत असे. तपाने प्रसन्न झालेल्या वाग्देवीकडे त्याने वर मागितला, "मी ज्या चित्राचे वर्णन करीन, ते ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष दिसावे." देवी म्हणाली, "तथास्तु! पण वत्सा, एक रूप दोन ठिकाणी नांदत नाही, हे ध्यानात ठेव." ऋषिवर्यांनी 'तथास्तु' तेवढे ऐकले.

पुढे राजप्रासादांत आणि देवालयांत त्याचे श्लोक घुमू लागले. त्याने गायिलेले चित्र भिंतीवरून नाहीसे होते, अशी ओरड चित्रकारांनी केली. पण हा डोळे मिटून गाई, सत्कार स्वीकारी आणि मागे वळून न पाहता निघे. चित्रकार मत्सराने बोलतात, असे म्हणून त्याने ती ओरड कानाआड केली.

अशात त्याचा एकुलता पुत्र द्युमान सर्पदंशाने गेला. बाळाची माता, ऋषिपत्नी वर्तिका, चित्रकलेत निपुण होती. तिने गेरू, हरताळ आणि काजळ खलून आश्रमाच्या भिंतीवर बाळाचे रूप उभे केले. कपाळावरची खोकसुद्धा विसरली नाही. डोळे मात्र चित्रकारांच्या प्रथेप्रमाणे शेवटी, वर्षश्राद्धाच्या दिवशी उघडायचे म्हणून मिटलेलेच रेखून ठेवले.

"नाथ, या भिंतीपुढे एक अक्षरही उच्चारू नका," ती म्हणाली. "माझ्याजवळ त्याचे एवढेच उरले आहे."

"भद्रे, भिंत ओलीने झडेल. माझ्या श्लोकात तो कल्पान्तापर्यंत जगेल!"

"कल्पान्त तुम्हांला लखलाभ. मला तो इथे हवा."

श्राद्धाच्या सकाळी रंगासाठी पाणी आणायला ती नदीवर गेली आणि ऋषीला राहवेना. तोही बापच होता, आणि बिचाऱ्याला रडण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती. त्याने डोळे मिटले आणि गायिले.

वर्तिका परतली, तेव्हा भिंत कोरी होती. तिने तीवरून तळहात फिरवला. "नाथ, तो कुठे आहे?"

डोळे उघडून ऋषीने प्रथमच आपली करणी पाहिली. "श्लोकात आहे," तो म्हणाला आणि गाऊ लागला. बालक तिच्यापुढे उभे राहिले. कपाळावर तीच खोक होती, पण डोळे मिटलेले, जसे चितेवर होते तसेच.

"पुरे!" ती किंचाळली. मग काजळात कुंचला बुडवून तिने कोऱ्या भिंतीवर नुसते दोन डोळे रेखाटले. "हे गाऊन दाखवा! चित्रातल्या डोळ्यांपाशी येताच तुमची आणि तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक कवीची वाणी थिजेल, हा एका मातेचा शाप आहे!" एवढे बोलून ती अरण्यात निघून गेली.

त्या डोळ्यांपुढे शब्द शोधीत ऋषी बसून राहिला, आणि त्याच्यावर वारूळ चढले. तेव्हापासून कवी चित्र गाऊ लागला की वस्त्रे, अलंकार, वर्ण सारे वाणीत उतरते; डोळ्यांपाशी मात्र तो अडतो. आणि रुचिपर्व्याचा तो श्लोक ज्यांना येतो, ते कोणत्याही आईसमोर तो म्हणत नाहीत.