आजारखोलीची तार

“मग यंत्र का ओरडतंय, गजेंद्रा?”

मठाच्या अच्युतबुवांनी एवढंच विचारलं.

तिन्हीसांजेची वेळ. मठाच्या आवाराच्या पार टोकाला असलेल्या आजारखोलीत म्हाताऱ्या भीमाक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ काळसर. उशाशी ठेवलेलं यंत्र गचके खाई, ओरडे आणि बंद पडे.

गजेंद्र कॉलेजात विजेचा विषय शिकवायचा. मठाच्या वीजमीटरपासून या खोलीपर्यंतची तार त्यानंच ओढली होती, सेवा म्हणून. त्या सेवेचा थोडा ताठाही होता बघा त्याला.

“तार बरोबर आहे, महाराज. अंतर, भार, तारेची जाडी, सगळा हिशेब करूनच ओढलीय. यंत्रच बिघडलं असणार.”

भिंतीला सॉकेट एकच. त्यानं यंत्राची पिन काढली आणि दाब मोजायच्या हातातल्या मीटरच्या काड्या आत घातल्या.

“हे बघा. दोनशे तीस व्होल्ट. दाब पुरा येतोय.”

पिन परत लावली. दिवा मलूल झाला. गजेंद्रनं तिकडे पाहिलंच नाही. यंत्र पुन्हा ओरडलं.

पुन्हा पिन काढली. “दोनशे तीसच...”

“तुमचं मोजून होऊ द्या,” भीमाक्का धापा टाकत म्हणाल्या. “तोवर मी... श्वास धरून ठेवते.”

गजेंद्रनं मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला. तो तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटू लागला.

बुवा उठले. यंत्र खाटेवर ठेवलं आणि खाटेची एक बाजू धरली.

“दुसरी धर.”

“कुठं न्यायचं?”

“माझ्या खोलीत. वीजमीटरला लागून आहे.”

अख्खं आवार ओलांडायचं होतं. नळीतून काही येत नव्हतं. भीमाक्कांची बोटं खाटेच्या कडेला रुतली होती. गजेंद्र मनात देवीला साकडं घालत पावलं उचलत होता. आकडे केव्हाच विसरला होता.

बुवांच्या खोलीत पिन लावली.

यंत्र एका सुरात चालू झालं...

भीमाक्कांच्या ओठांवर हळूहळू रंग आला. तेव्हा कुठं गजेंद्र भिंतीला टेकून खाली बसला.

“यंत्र चांगलं आहे, महाराज. तार आखली तेव्हा तिथं एक दिवा नि एक पंखा होता. हे मागाहून आलं. आणि मी मोजत बसलो ते यंत्र काढून ठेवून. ओझं नसलं की बारीक तारही दाब पुरा दाखवते. ओझं पडलं की तो दाब लांबच्या वाटेत गळतो. हे मी मुलांना शिकवतो...”

बुवा भीमाक्कांच्या पायाशी बसले.

“उद्या जाड तार ओढतो. या खेपेला मोजण्यात चूक होऊ नये, एवढा आशीर्वाद द्या.”

बुवांनी भीमाक्कांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं.

“एका हातात मीटर धर,” ते म्हणाले. “दुसऱ्या हातात आक्कांचा हात.”