मांडीवरची तालीम

एका गावात एक पैलवान होता आणि त्याच्या मांडीवर एक फोड होता. पैलवान मोठा होताच, पण फोडही काही कमी नव्हता. जत्रा तोंडावर आली होती. तिथल्या चांदीच्या गदेवर पैलवानाचा डोळा होता, आणि इथे धड मांडी घालून जेवताही येत नव्हतं.

गावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट दिलं. म्हणाल्या, "बरं वाटलं तरी पाकीट संपवायचं."

"बाई, म्या कधी ताटात टाकतो व्हय?" पैलवान म्हणाला.

दोन-तीन दिवसांत फोड बसला. पैलवान दंड थोपटत तालमीत हजर झाला. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? गडी दिलदार. एकाला खाज होती, त्याला दोन दिल्या. एकाला सर्दी होती, त्याला एक. वस्तादांचे गुडघे दुखत होते, त्यांनाही एक. गुण कुणालाच आला नाही, पण आशीर्वाद सगळ्यांनी दिला.

थोड्याच दिवसांत फोड परत आला, तोही धाकट्या भावाला घेऊन. पैलवानाने दुकानातून परस्पर त्याच गोळ्या आणल्या, ठणका थांबेपर्यंत खाल्ल्या आणि सोडल्या. असं होतच राहिलं. जत्रेच्या आठवड्यात मात्र फोड लिंबाएवढा झाला आणि गोळ्या फुटाण्यासारख्या खाल्ल्या तरी ढिम्म हलेना. एकच पंचा सगळे वापरायचे, त्यामुळे अख्ख्या तालमीला फोड आले.

डॉक्टरीणबाईंनी पू तपासून घेतला. "ही गोळी आता या जंतूंना लागू पडत नाही. पैलवान, समोरचा गुडघ्यावर आला की तुम्ही घरी जाता का?"

"छे. पाठ टेकल्याबिगर कुस्ती निकाली हुत न्हाई."

"आणि रोज असाच गुडघ्यावर आणून सोडला तर?"

"माझं समदं डाव शिकंल की त्यो." पैलवान बोलून गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तेच झालं. कमजोर जंतू मेले, दणकट उरले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. तुम्ही मांडीवर तालीम चालवलीत, आणि वस्ताद तुम्हीच."

फोडवाल्यांना पंचांनी आखाड्यात पाय ठेवू दिला नाही. गदा शेजारच्या गावाने नेली. आपल्या तालमीने जत्रा उभ्यानेच बघितली, कारण बसता कुणालाच येत नव्हतं. वर्षभराची मेहनत फुकट गेली म्हणून पैलवान ढसाढसा रडला.

मग तालुक्याच्या दवाखान्यात दुसऱ्या, जालीम औषधाच्या सुया सुरू झाल्या. सुई दिसली की पैलवान डोळे मिटून देवाचं नाव घेई. एक दिवस वस्ताद भेटायला आले. म्हणाले, "ठणका थांबलाय न्हवं? मग चल घरी. माती वाट बघतीया."

"वस्ताद, मागल्या टायमाला म्याबी ह्येच म्हनलो हुतो," पैलवान म्हणाला. मग पालथा झाला, डोळे घट्ट मिटले आणि नर्सबाईंना म्हणाला, "टोचा, ताई."

तात्पर्य: ठणका थांबला म्हणजे जंतू हरले असं नाही. औषध डॉक्टर सांगतील तेवढं पुरतं घ्यावं; आणि दानधर्म करायचाच तर गोळ्या सोडून दुसऱ्या कशाचाही करावा.