अर्धं पाऊल

“…मग का सोडलंत? एवढंच सांगा मला.”

“जेवलास का?” बुवांनी विचारलं.

“जेवणाचं राहू दे हो. एकच सिनेमा केलात नायक म्हणून. एकच! आणि उठून गेलात. का?”



मी चुलीपाशी होते. आमचा सोपा नि चूल यांच्यामध्ये भिंत आहे ती छातीएवढीच, त्यामुळं कान देऊन ऐकायची गरज पडली नाही. शिवाय पोराचा आवाज खणखणीत. नटाचाच तो.

आधी बुवांचं सांगते. कागदावर त्यांचं नाव वामन कोवाडकर. गावात त्या नावानं कुणी ओळखायचं नाही. ओढ्यापलीकडं नाथांचा लहानसा मठ आहे, तिथं झाडलोट करतात. दुपारी आमच्या सोप्यात येऊन बसतात. घर आमचं रस्त्याला लागून, आजऱ्याहून आंबोलीकडं जाणाऱ्या. जो कोणी घडीभर टेकेल त्याला बुवा एवढंच विचारतात, जेवलास का. नसेल तर मी वाढते. ना प्रवचन, ना अंगारा. तरी लोक पाया पडून जातात. पडोत बापडे.

हा पोरगाही आल्या आल्या पडला नि उंबऱ्यावरच बसला. रणधीर चौगुले नाव. मोठी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाला, “मी तुम्हाला मनोमन गुरू मानलंय.”

बुवा म्हणाले, “मला विचारलं नाहीस ते?”

पोराला हसू आलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला.

“‘सातवा निरोप’. पन्नास वर्षं झाली, बुवा. तेव्हा तीन आठवड्यांत उतरला. आता कुणीतरी जुनी प्रत शोधून फोनवर टाकलीय. लोक काय लिहितात ते ऐकाच.”

आणि वाचायला लागला.

“‘दुर्लक्षित रत्न. हेरांचे सिनेमे पुष्कळ पाहिले, असा हेर पाहिला नाही.’ हे एक. ‘पहिला अर्धा तास झोप येते, पण उठू नका.’ दुसरं. ‘फौजदाराची मिशी मध्येच बदलते.’ हा एक मूर्ख. ‘माझे वडील हा सिनेमा बघून आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.’ ‘नायक म्हणजे लाकडाचा ओंडका…’”

“ते बरोबर आहे,” बुवा म्हणाले.

“पुढं तर ऐका! ‘ओंडका आहे, पण दारासमोरच्या त्या अर्ध्या पावलासाठी शंभर गुन्हे माफ.’ सगळे त्या अर्ध्या पावलावरच लिहितात, बुवा. सगळे!”

मला त्या सिनेमाची गोष्ट ठाऊक आहे, तुम्हालाही सांगून टाकते. इंग्रजांच्या वेळचा एक हेर. भूमिगत माणसांचे निरोप कल्हईवाल्याच्या वेषात पोचवायचा. सातवा निरोप घेऊन जाताना वाट त्याच्याच गावातून जाते. मागावर पोलीस. दारात आई उभी. ओळख दाखवली तर तो मेला, निरोप मेला, आणखी चार माणसं मेली. भाता खांद्यावर घेऊन तो आईसमोरून चालत जातो. दाराशी आल्यावर त्याचं पाऊल अडखळतं. अर्धंच. आणि तो पुढं जातो.

बस्स, एवढंच. पण बघवत नाही ते.

पोराच्या हातात फोन थरथरला. त्यानं पडद्यावर बघितलं आणि अंगठ्यानं बंद केला.

“कुणाचा?”

“आईचा. नंतर करतो.” आणि पुन्हा वाचायला लागला. “‘हा नट पुढं गेला कुठं? एकदा नायक झाला आणि गडप.’ बघा, बुवा! लोक शोधताहेत तुम्हाला. सोडलंत, म्हणून शोधताहेत. मला तेच करायचंय.”

“काय करायचंय?”

“सोडायचंय. माझा पहिला सिनेमा दिवाळीत आला. नायक मीच. लोकांनी…” इथं त्याचा खणखणीत आवाज जरा बसला. “लोकांनी धुतलं मला. म्हटलं, नाही कळत यांना. तुमचंही तेव्हा कुठं कळलं होतं? मीही एकच करून उठतो. पन्नास वर्षांनी बघू कोण रडतंय ते. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

बुवांनी पायाशी पडलेली काडी उचलली, मोडली, टाकली.

“मी सोडलं नाही रे.”

“म्हणजे?”

“कुणी बोलावलंच नाही.”

पोराचं तोंड उघडं राहिलं. मला आतून हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. एवढी मोठी गाडी घेऊन आला आणि हे ऐकायला मिळालं!

“चार वर्षं कोल्हापुरात निर्मात्यांच्या पायऱ्या झिजवल्या,” बुवा म्हणाले. “एकानं प्रेताचं काम दिलं. तेही केलं.”

“थट्टा करता.”

“प्रेताचं काम अवघड असतं. माशी बसते.”

मी आमटीला फोडणी दिली. मग तो पुढं सरकला, हात जोडले. आता मात्र आवाजात नाटक नव्हतं.

“बरं, नसेल सोडलं. पण ते अर्धं पाऊल तुमचंच ना? मी ते चारशे वेळा बघितलंय. थांबवून, हळू करून, उलटं फिरवून. टाच आधी की चवडा, श्वास कुठं धरलाय, मान किती वळते… आरशासमोर महिनाभर केलं. माझ्या सिनेमात घातलं.”

“मग?”

“लोक म्हणाले, चोरलंय. म्हणाले, पायात मुंग्या आल्यात वाटतं.” त्यानं मान खाली घातली. “काय चुकलं, बुवा? टाचेत चुकलं की श्वासात? तेवढं शिकवा. उपकार होतील.”

“तुझा सिनेमा घरी कुणी बघितला?”

“आईनं बघितला. गावातल्या सगळ्यांना घेऊन गेली होती गडहिंग्लजला, टेम्पो करून.”

“काय म्हणाली?”

“काही नाही.”

“काही तरी म्हणाली असेल.”

पोरगं चिडलं. “‘वाळलास रे’ म्हणाली! दोन वर्षं झिजलो मी त्याच्यासाठी. आणि आई काय म्हणते, तर वाळलास. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरची पोरं मला व्हिडिओ कॉल करून लंगडून दाखवत होती. तेव्हाच ठरवलं, लोकांचं मत फिरेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही. सहा महिने झाले. नाही ठेवला.”

“आज कुठल्या रस्त्यानं आलास?”

“निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज…”

“गाव वाटेत लागलं असेल.”

“फाटा लागला.”

“मग?”

“काच वर केली.”

फोन पुन्हा थरथरला. पोरानं तो उपडा करून उंबऱ्यावर ठेवला. “हिचं एकच असतं. जेवलास का, जेवलास का. जगात दुसरं विचारायला काही नाहीच जसं.”

मी भात उतरवला. घनसाळचा तांदूळ, वास रस्त्यापर्यंत जातो. बुवांनी तिकडं बघितलं नाही. ते पोराकडंच बघत होते.

“ते दार कुठलं, ठाऊक आहे तुला?”

“कुठलं?”

“सिनेमातलं.”

“कुठल्या तरी गावातलं असेल. चौकट ओळखेन मी. डाव्या बाजूला लाकडात गाठ आहे, डोळ्याएवढी. चारशे वेळा…”

तो बोलता बोलता थांबला. बुवांनी नुसता हात लांब केला होता आणि त्याच्या डोक्याशेजारी, चौकटीवर बोट टेकवलं होतं. गाठीवर. रंगाचे चार हात चढलेत तिच्यावर, तरी दिसते.

तासभर त्याच उंबऱ्यावर बसला होता शहाणा.

“पाऊल मी टाकलं नाही,” बुवा म्हणाले. “तिनं टाकायला लावलं.”

“कुणी? आईचं काम केलं ती नटी?”

“नटी कुठली? नटी आजारी पडली. दिग्दर्शक म्हणाला, या घरची बाई दारात उभी करा, लांबून काय कळतंय. ती उभी राहिली. तिला सांगितलं, काही बोलायचं नाही, एक माणूस जाईल, नुसतं बघायचं.”

ती बाई माझी सासू. हे मी तिथं बोलले नाही, तुम्हाला सांगते.

“मला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. चेहरा तसा हवा होता त्यांना. दिवस मावळतीला आलेला, फिल्मचा तुकडा शेवटचा. मी भाता घेऊन निघालो. दारासमोर आलो. आणि ती बोलली.”

“बोलली? पण सिनेमात तर…”

“तेव्हा आवाज मागाहून भरायचे. तिचा नाही भरला.”

“काय बोलली?”

बुवांनी डोळे मिटले… “‘जेवलास का रं, लेकरा?’”

पोरानं चष्मा काढला.

“माझं पाऊल थांबलं. मागून दिग्दर्शक ओरडला, चालत राहा, थांबू नको! मी चालत राहिलो. मग सगळं ट्रकमध्ये भरलं आणि निघालो. म्हटलं, उद्या येऊन सांगू म्हातारीला, जेवलो म्हणून. त्या उद्याला अकरा वर्षं लागली.”

पुढचं त्यांना सांगवत नाही, दर वेळी इथंच अडतात. म्हणून मी सांगते. त्या रात्री माझी सासू जेवली नाही. सगळ्यांनी समजावलं, आत्या, सिनेमा आहे तो, तो नट आहे, त्याला काय कमी. ती म्हणाली, “सिनेमा असंल. पन तोंड सुकल्यालं व्हतं की त्याचं!” पुढं किती तरी वर्षं रस्त्यानं कल्हईवाला गेला की ती बाहेर यायची. पार अंथरुणाला खिळली तेव्हा मला म्हणाली, तो आला तर वाढ गं. माघात ती गेली. आणि चैत्रात बुवा दारात उभे. म्हणाले, “त्या आजींना सांगायला आलोय.”

काय सांगायचं, कुणाला सांगायचं! मी पान वाढलं. ते घास हातात धरून रडले. मीही रडले. भाकरी थंड होऊन गेली. तेव्हापासून ते इथंच आहेत.

पोराचा चष्मा मांडीवर पडला होता. आता त्याच्याकडं बघितलं आणि माझ्या मनात आलं, अगदीच कोवळं आहे की हे. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. त्याच्या आईचं काय चुकलं होतं?

“बुवा,” तो म्हणाला, “एवढी मतं वाचली मी. हे कुणीच लिहिलं नाही.”

“तिला लिहिता येत नव्हतं.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

मग बुवांनी पुन्हा विचारलं. आवाज न चढवता, पहिल्यांदा विचारलं होतं तसंच.

“जेवलास का?”

“नाही, बुवा. सकाळपासून काही नाही.”

हे ऐकायचीच वाट बघत होते मी. ताट तयारच होतं. भात, आमटी, नाचणीची भाकरी, वर लोणच्याची फोड. बाहेर आले, त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हात धुतला, चूळ भरली, ताटाला नमस्कार केला. भाकरीला हात लावणार तोच बुवांनी ताट उचललं.

उचललं आणि आपल्या पाठीमागं ठेवलं, भिंतीकडं.

मी म्हटलं, “अहो बुवा, हे काय! अन्नावरनं उठवता होय कुणाला?” एकोणचाळीस वर्षांत या सोप्यातून उपाशी कुणी गेलेलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासू असती तर तिनं बुवांनाच हाकललं असतं, असं माझ्या मनात आलं.

पोरगं ओला हात तसाच धरून बसलेलं.

उंबऱ्यावर उपडा ठेवलेला फोन तिसऱ्यांदा थरथरायला लागला. लाकडावर घरघर आवाज यायला लागला. बुवांनी तो उचलला, ‘आई’ हे नाव वर येईल असा सुलटा केला आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवला.

“मग इथं कशाला बसलायस?”