झिपरूचं नो वन

एका गावात एक भोळा होता. गावोगाव असतातच म्हणा, पण हा ग्रामपंचायतीत शिपाई होता. नाव झिपरू. त्याचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. नोकरी लागली तेव्हा कुठे एक स्थळ हो म्हणालं. आईचा सगळा जीव त्या लग्नात अडकला होता.

ग्रामसेवक भामरे भाऊसाहेबांना जेवणावर डुलकी लागायची. ते म्हणाले, "झिपरू, कोणी विचारलं तर सांगायचं, नो वन. इंग्रजी आहे. नो वेगळं, वन वेगळं. म्हणजे कोणी नाही."

झिपरूने पाठ केलं. तेवढ्यात तालुक्याचे साहेब आले.

"भामरे आहेत का?"

"नो वन."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! झोपायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगितलंय."

भाऊसाहेबांची साहेबांनी अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. मग भाऊसाहेबांनी झिपरूची काढली. "गाढवा, असं ठोकून द्यायचं नसतं. आधी आत जाऊन बघायचं, मग बोलायचं."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब खरोखरच बाहेरगावी गेले होते. साहेब पुन्हा हजर.

"आहे का कोणी आत?"

झिपरू आत गेला. टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. "एक जण आहे साहेब. बसा."

साहेब बसले. चहा झाला, पान झालं. शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, आहे कोण तो?"

"मी."

भाऊसाहेबांनी परत आल्यावर कपाळावर हात मारला. "अरे बाबा, स्वतःला धरायचं नसतं. आपण सोडून दुसरं कोणी आहे का, ते बघायचं."

"एवढंच ना?" झिपरू म्हणाला. त्याला ते एकदम पटलं.

लग्नाचा दिवस आला. जानोशाच्या खोलीत झिपरूला मुंडावळ्या बांधून बसवलं आणि घरचे सगळे बँडपुढे नाचायला गेले. मुहूर्त जवळ आला, तशी नवरीच्या मामांनी येऊन कडी वाजवली.

"कोण आहे आत?"

झिपरूने खाटेखाली बघितलं, ट्रंकेमागे बघितलं. "नो वन."

"मग नवरदेव कुठे गेले?"

"मला तरी नाही दिसले."

मामाही त्याच मापाचे. तसेच मांडवात पळाले. बँड थांबला. नवरदेव पळाला म्हणून एकच गलका झाला आणि झिपरूच्या आईने रडायला सुरुवात केली.

ते रडणं झिपरूला ऐकू आलं. पोरगा मनाचा फार चांगला हो. त्याला भयंकर राग आला. "ऐन मुहूर्तावर माझ्या आईला रडवतो म्हणजे काय," म्हणाला, आणि मागच्या दाराने सायकल काढून नवरदेवाला शोधायला निघाला. इकडे भटजी अंतरपाट हातात धरून वाट बघत राहिले, आणि मुहूर्त टळला.

पुढच्या गावाच्या स्टँडवर पानवाल्याजवळ झिपरू थांबला. "आमच्या गावचा नवरदेव इकडे आला का हो?"

पानवाल्याने त्याला खालून वर बघितलं. हळद, शेरवानी, मुंडावळ्या. "आलाय की. हा काय, माझ्यासमोर उभा आहे."

झिपरू म्हणाला, "माझं सोडा हो. मी सोडून दुसरा कोणी?"