पाणमांजरांचा वाटा

फार फार पूर्वी खाडीच्या काठी एक गाव होतं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी गावापेक्षा उंच चढायचं, आणि दोघांच्या मध्ये होता फक्त एक मातीचा बांध. अलीकडे भाताची खाचरं, पलीकडे खारं पाणी. बांध राहिला तर गाव राहणार, इतकी साधी गोष्ट होती.

या बांधाची राखण एका बाईकडे होती. गाव तिला बांधकाकी म्हणे. रोज ओहोटी लागली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायची, आणि तळव्याला ओल लागेल तिथे चिखल आणि पेंढा ठासायची. तिची एकुलती एक लेक बांधाखालच्या पहिल्याच घरात नांदत होती.

गावात एक जुनी रीत होती. जाळं ओढलं की पहिली ओंजळभर मासळी बांधावर टाकायची. तो पाणमांजरांचा वाटा. का टाकायचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर वाडवडील टाकायचे म्हणून, असं उत्तर मिळायचं.

एका वर्षी मासळी कमी आली आणि पाणमांजरांनी चार जाळी फाडली. पाटील चावडीवर कडाडले, "आपल्या तोंडचा घास या चोरांना घालायचा? संपवा एकदाचं!"

फाटलेल्या जाळ्यांत बांधकाकीचंही एक होतं. ती रागाच्या भरात बोलून गेली, "त्यांची बिळं मला ठाऊक आहेत. चला, दाखवते."

तिने एकूण एक बीळ दाखवलं. आठ दिवसांत खाडीत एकही पाणमांजर उरलं नाही.

त्या वर्षी गाव खुशीत होतं. जाळी शाबूत राहिली, आणि खेकडे तर हात घालाल तिथे मिळू लागले. घरोघरी रस्सा शिजला. बांधकाकीनेही बोटं चाटून खाल्ला, खोटं कशाला बोलावं?

पुढच्या वर्षी लेकीला मुलगी झाली, आणि त्याच सुमारास बांधात एक भोक दिसलं. तिने ते बुजवलं. दुसऱ्या दिवशी तिथेच पाच होती. ती बुजवता बुजवता पाठ मोडली, पण भोकं काही थांबेनात. एकदा तिने बांधाला कान लावला. आत माती कुरतडल्याचा आवाज येत होता, आणि त्याच्याही मागे बारीक बुडबुड. त्या दिवसापासून जेवताना, भात कांडताना, नातीला मांडीवर घेताना तोच आवाज तिच्या कानात राहिला.

मग ती एका ओसाड बिळाशी जाऊन बसली. बिळाच्या तोंडाशी गुडघाभर ढीग पडला होता. वर्षानुवर्षं खाल्लेल्या खेकड्यांच्या कवचांचा. त्यात माशांचे काटे अगदी मोजके होते. तिने ढीग तळापर्यंत उपसून पाहिला, तरी कवचंच निघाली. बांध ती एकटी राखत नव्हती तर!

ती धावत पाटलांकडे गेली. "पाटील, खेकड्यांनी बांध पोखरलाय. त्यांना खाणारं आपणच मारलं. माणसं लावा, नाहीतर गाव बुडेल."

पाटील मनापासून हसले. "काकी, खेकडा गाव बुडवणार? अहो, तो आमच्या रश्श्यात बुडतो!"

तरी दहा माणसं दोन दिवस खेकडे पकडायला आली. तिसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही.

अमावस्येचं उधाण भर दुपारी आलं. बांधकाकी बांधावरच होती. तिच्या पायाखालची माती आधी मऊ झाली, मग हलली. शंभर भोकांतून एकदम पाणी उसळलं. तिने घसा फाटेपर्यंत हाक दिली, "टेकडीकडे पळा! बांध गेला!"

आणि ती स्वतः खाली धावली. लेकीच्या घरात पाणी कमरेला लागलं होतं. पाळणा तरंगत होता. तिने नातीला डोक्यावर धरलं, लेकीचा हात धरला आणि कशीबशी टेकडी गाठली. मागे वळून पाहिलं तर घर नव्हतं. गुरं नव्हती, खाचरंही नव्हती. सगळी खाडीच झाली होती.

माणसं वाचली, पण जमिनीत मीठ उतरलं. सात वर्षं भाताची एक लोंबी धरली नाही. पाटलांसह निम्मं गाव परमुलखात गेलं.

उरलेल्यांनी नवा बांध घातला. बांधकाकी रोज त्याला कान लावून पाहायची, आणि पहिली ओंजळभर मासळी त्यावर ठेवायची. कावळे ती खाऊन जायचे. लोक म्हणत, "काकी, आता कुणासाठी?" ती म्हणे, "बिळं मीच दाखवली होती." एवढंच.

आठव्या वर्षी, एका सकाळी, मासळी नव्हती. शेजारी ओल्या चिखलात पाच बोटांचे पंजे उमटले होते, आणि खेकड्याचं एक फुटकं कवच पडलं होतं. बांधकाकी तिथेच बसून हमसाहमशी रडली. त्या दिवशी तिने बांधाला कान लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र लावला, आणि जिवंत असेतो रोज लावत राहिली.

तात्पर्य: एखादा जीव काय नेतो हे आपल्याला लगेच दिसतं, पण तो काय सांभाळतो हे समजल्याशिवाय त्याच्यावर हात उचलू नये.